तुम्ही विचारलंत म्हणून : जीभ जड आहे का?

"साडेचार वर्षांचा झाला, अजून गाडीला दादी म्हणतो. जीभ जड आहे का हो?" वाचा-उपचाराच्या कामात हा प्रश्न मला जितका विचारला जातो, तितका दुसरा कुठलाच नाही.

बहुतेकदा जिभेत काहीच बिघडलेलं नसतं. अशा मुलाला मी मुद्दाम म्हणते, "ही बघ दादी." तो चिडतो. "दादी नाही, दादी!" म्हणजे ग आणि द वेगळे आहेत हे त्याच्या कानाला कळतंय. द म्हणताना जिभेचं टोक दातांना टेकतं, ग म्हणताना जिभेचा मागचा भाग टाळूला लागतो. हा मुलगा मागचे उच्चार पुढे आणतोय, तेही नेमाने : ग चा द, क चा त. जिभेखालची दोरी कापायची का, असंही काहीजण विचारतात. पण ग ला जिभेचं टोक लागतच नाही, मग दोरी कापून ग कसा येईल?

क-ग ची ही अदलाबदल साधारण चार वर्षांपर्यंत जाते. र ला त्याहून उशीर लागतो. त्यामुळे पाच वर्षांची मुलगी घराला घल म्हणत असेल, तर तेवढ्यावरून मी काळजी करत नाही. मी विचारते, परक्या माणसाला तिचं किती कळतं? दोन वर्षांच्या मुलाचं निम्मं, तीन वर्षांच्या मुलाचं पाऊण आणि चार वर्षांच्या मुलाचं जवळजवळ सगळं कळायला हवं. चार वर्षांच्या मुलाचं बोलणं फक्त आईलाच उलगडत असेल, तर वाट पाहू नका. आधी कान तपासून घ्या. पडद्यामागे पाणी साचलं तरी उच्चार अस्पष्ट ऐकू येतात, आणि घरात कुणाच्या ते लक्षातही येत नाही.

"नीट म्हण, परत म्हण" हे मात्र कृपा करून थांबवा. "हो, गाडी आली! केवढी मोठी गाडी!" एवढंच म्हणा. शिकवताना मी गार आणि दार अशी दोन चित्रं ठेवते. त्याला हवं असतं गार पाणी, तो म्हणतो दार, आणि मी दाराचं चित्र पुढे करते. तो थबकतो. तिथून खरं शिकणं सुरू होतं.

काही मुलं एकच शब्द तीनदा तीन तऱ्हेने म्हणतात, लांब शब्दाला अडतात. तिथे तोंडाच्या हालचाली ठरवून क्रमाने लावणंच मेंदूला जड जातं. त्यांना थोडा थोडा पण वारंवार सराव लागतो.

मोठ्यांचं विचारलंत, तर एक गोष्ट आधी सांगते. चांगलं बोलणाऱ्या माणसाची जीभ अचानक अडखळू लागली, तर तो पक्षाघात असू शकतो. उच्चारांचं नंतर बघू, त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

लहानपणापासून राहून गेलेला र मात्र चाळिशीतही सुधारता येतो. एक गृहस्थ पहिल्या भेटीत नाव सांगेनात, कागदावर लिहून दिलं. त्यात दोन र होते. त्यांनी आयुष्यभर र नसलेले शब्द शोधून वाक्यं बनवली होती. आम्ही आरशासमोर बसलो, आणि पहिले कित्येक दिवस नुसता तो एक आवाज घोटला.