घरच्या लीगमधल्या खेळाडूंचा राष्ट्रीय संघ कसा बांधतात

आफ्रिकेत २००९ पासून 'चॅन' (आफ्रिकन नेशन्स चॅम्पियनशिप) ही राष्ट्रीय फुटबॉल संघांची स्पर्धा होते. नियम एकच, पण कडक: आपल्याच देशाच्या लीगमध्ये खेळणाराच खेळाडू चालतो. युरोपात खेळणारे स्टार बाद. शेजारच्या देशातल्या क्लबशी करार असेल, तरीही बाद.

प्रशिक्षकाची खरी डोकेदुखी इथूनच सुरू होते. स्पर्धा फिफाच्या ठरलेल्या आंतरराष्ट्रीय काळात नसते, त्यामुळे खेळाडू सोडायचं बंधन क्लबवर नाही. म्हणून प्रत्येक जागेसाठी दोन पर्याय हवेत आणि ते शक्यतो वेगवेगळ्या क्लबचे. एका क्लबने नकार दिला तरी अख्खी बचावफळी कोसळत नाही. उलट, एकाच क्लबचे चार-पाच जण घेतले तर ताळमेळ आयता मिळतो. शिबिर लहान असेल तर मी दुसराच मार्ग निवडेन, निदान मधल्या फळीसाठी तरी.

लीग बंद असताना स्पर्धा आली तर पहिले दिवस फक्त दमसास परत आणण्यात जातात. तिथे घाई केली की मांडीमागचे स्नायू दुखावतात.

आणखी एक गोची: खेळाडू चमकला की परदेशी क्लब त्याला उचलतो आणि तो या संघातून गेलाच. मोरोक्कोच्या अयूब अल काबीने २०१८च्या स्पर्धेत ९ गोल केले, त्याच वर्षी तो विश्वचषकात खेळला आणि मग चीनमधल्या क्लबकडे गेला. नवे खेळाडू घडवणाऱ्या अशा संघाचं काम नेमकं हेच. मोरोक्कोने तरीही पुढची, २०२१ मध्ये झालेली स्पर्धा जिंकली, कारण त्यांच्या लीगमध्ये पुढची रांग तयार होती.