होळी ते मृग: कूलरच्या कामावर काढलेले तीन महिने

नोकरी फेब्रुवारीत गेली, आणि नागपुरात फेब्रुवारी सरला की होळी. होळीच्या मागेपुढे इथल्या घराघरात एकच विषय निघतो: जिन्याखालचा, गच्चीवरचा कूलर बाहेर काढायचा कुणी आणि लावून द्यायचा कुणी? जुने मेकॅनिक तेव्हा फोन उचलत नाहीत. हे काम मी उचललं. मार्चमध्ये 52 कूलर केले, मजुरी 350 रुपये, सामानाचे पैसे वेगळे. 18,200 रुपयांतून पेट्रोल आणि किरकोळ सामान मिळून 2,600 गेले, हातात 15,600 उरले. पगाराच्या मानाने कमीच, पण किराणा, वीजबिल आणि मुलांची फी निघाली.

या धंद्यात पैसा खातं ते सामान नाही, खाते ती फुकट फेरी. संध्याकाळी फोन येतो, ‘भाऊ, पाणी घरात येऊन राहिलं.’ मग आठ किलोमीटर जा, दहा मिनिटांचं काम करा, तेही विनामूल्य. पहिल्या पंधरवड्यात अशा नऊ फेऱ्या झाल्या, दुसऱ्या पंधरवड्यात दोन. पुढे जे लिहिलं आहे ते बहुतेक त्या नऊ फेऱ्यांनी शिकवलेलं.

हत्यारं फार लागत नाहीत. टेस्टर, पक्कड, दोन पेचकस, 10-11 आणि 12-13 चे पाने, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, बाइंडिंग वायर, टेप, शिलाई मशीनच्या तेलाची बाटली आणि एक सिरीज बोर्ड, म्हणजे विजेच्या वायरीची दोन मोकळी टोकं, वाटेत एक बल्ब जोडलेला. जाड हातमोजे विसरू नका. पत्र्याची कड ब्लेडसारखी कापते आणि वूड वूलची, म्हणजे कूलरच्या जाळीत भरायच्या लाकडी गवताची, कुसळं दोन-दोन दिवस बोटात सलतात.

आठ महिने पडून असलेल्या कूलरला आल्या आल्या प्लग लावायचा नाही. आधी पंख्याची पाती हाताने फिरवून बघायची. बुशवाली मोटर असेल, म्हणजे जिचा शाफ्ट (फिरणारा दांडा) धातूच्या छोट्या नळीत फिरतो ती, तर तेल सुकून शाफ्ट धरलेला असतो. तशीच चालू केली तर मोटर नुसती घुमते, फिरत नाही आणि काही मिनिटांत वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, जळतं. मग गिऱ्हाईक म्हणणार, तुम्ही हात लावायच्या आधी चांगली होती. त्याचंही चूक नाही, मागच्या जूनमध्ये ती चालतच होती. बुशच्या दोन्ही बाजूंना चार-पाच थेंब मशीनचं तेल सोडायचं, शाफ्ट मागेपुढे हलवत राहायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. बुशमागे नमद्याचा तुकडा असतो, तो तेल धरून ठेवतो. तो कोरडाच राहिला तर आठवड्यात पुन्हा कुरकुर सुरू. खोबरेल तेल घालू नका. ते चिकट होऊन धूळ धरतं आणि पुढच्या वर्षी मोटर आणखी घट्ट बसते.

पाती हाताला मोकळी आहे पण वीज दिल्यावर नुसती घुमते, ढकलली की फिरते, असं असेल तर दहात आठ वेळा कंडेन्सर, म्हणजे मोटरला फिरायला जोर देणारी छोटी डबी, गेलेला असतो. जुन्यावर जेवढे मायक्रोफॅरड (त्याच्या क्षमतेचा आकडा) लिहिलेत तेवढाच नवा घालायचा. मोठा घातला की पंखा जोरात फिरेल हा गैरसमज आहे, त्याने मोटर तापते. काढण्याआधी त्याची दोन टोकं इन्सुलेटेड पेचकसाने जोडून रिकामा करून घ्यायचा. कंडेन्सर बदलूनही घुमणं थांबलं नाही तर मोटर वाइंडिंगवाल्याकडे द्यायची, तिथे वेळ घालवायचा नाही. नवी मोटर घेताना वजन हातावर तोलून बघा. अॅल्युमिनियम वाइंडिंगची मोटर हलकी लागते, स्वस्त असते आणि लवकर तापते. एका दुकानाने मला रंग मारलेली जुनी मोटर नवी म्हणून दिली. स्क्रूच्या खाचेत रंग भरलेला दिसला की समजायचं, आत कुणीतरी जाऊन आलं आहे.

आता शॉकबद्दल. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. पत्र्याची बॉडी, आत पाणी, ओली फरशी, अनवाणी पाय आणि टाकीत पाइप सोडताना कूलर चालूच! म्हणून सिरीज बोर्डची चाचणी झाल्याशिवाय मी कूलर लावून देत नाही. कूलरचा प्लग काढलेला असताना सिरीजचं एक टोक मोटरच्या वायरीला आणि दुसरं मोटरच्या अंगावर रंग खरवडून लावायचं. बल्ब जरासाही मिणमिणला तर मोटर बाद. हीच चाचणी पंपाची, पण पंप बादलीभर पाण्यात बुडवून आणि हात पाण्याबाहेर ठेवून. कोरडा पंप चांगला दिसतो आणि पाण्यात उतरला की त्यातून वीज गळते. सिरीजमध्ये वीज असतेच, त्यामुळे पायात चप्पल, एक हात मोकळा आणि जवळ पोरंटोरं नकोत.

पंपाच्या वायरीला टाकीच्या आत जोड असेल, मग तो कितीही टेप गुंडाळलेला असो, तो काढायचा. वायर अखंड हवी, जोड हवाच असेल तर तो टाकीच्या वर, कोरड्या जागी. दोन पिनचा प्लग दिसला की कापून तीन कोअरची वायर आणि तीन पिनचा प्लग लावायचा, हिरवी (अर्थिंगची) वायर बॉडीला नटबोल्टने आवळून, खालचा रंग घासून. आणि सगळ्यात फसवी गोष्ट: जुन्या घरात सॉकेटला तिसरं भोक असतं, त्यामागे वायरच नसते. फेज आणि अर्थमध्ये 100 वॅटचा बल्ब लावून बघितला तर तो नेहमीसारखा उजळला पाहिजे. उजळला नाही तर अर्थिंग नावालाच आहे. (घरात आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारं बटण, असेल तर या चाचणीने तो पडेल. पडला तर चांगलंच, म्हणजे तो जिवंत आहे.) अर्थिंग दुरुस्त करणं माझं काम नाही, ते परवानाधारक वायरमनचं. मी तसं सांगतो, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायला सांगतो आणि तोवर कूलर जोडत नाही. तीन गिऱ्हाइकं यामुळे गेली. जाऊ दे.

टाकीला भोकं असतील तर काम दोन दिवसांचं होतं, हे फोनवरच सांगून टाकावं. तारेच्या ब्रशने गंज चमकेपर्यंत घासायचा, पुसून पूर्ण कोरडं करायचं, मग एम-सीलचे दोन्ही भाग सारखे घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळायचे आणि आतून दाबून लावायचे. बाहेरून लावलेलं टिकत नाही, पाण्याचा दाब ते सोडवतो. त्यावर आतून डांबरी रंगाचा हात, आणि पाणी दुसऱ्या दिवशी. त्याच संध्याकाळी पाणी भरलं की रंग सालासारखा निघतो आणि पंपात अडकतो. म्हणून मी एका वस्तीतले तीन-चार कूलर एकत्र धरतो: पहिल्या संध्याकाळी सगळ्यांची घासाई आणि रंग, दुसऱ्या सकाळी ताट्या (बाजूच्या गवत भरलेल्या जाळ्या) आणि जोडणी. पेट्रोल अर्धं लागतं.

ताट्या भरणं सोपं दिसतं, आणि निम्म्या फुकट फेऱ्या तिथूनच येतात. कोरडं वूड वूल फुगीर असतं. जाळीत भरलं की ताटी गच्च वाटते. त्यावर रात्रभर पाणी पडलं की ते खाली बसतं आणि वरच्या कडेला दोन बोटांची फट पडते. पंखा सगळी गरम हवा त्या फटीतूनच ओढतो, खालचं ओलं गवत नुसतं शोभेला. गिऱ्हाईक म्हणतं, पहिल्या दिवशी थंड होता, दुसऱ्या दिवशी काय झालं? यावर उपाय एकच. गवत आधी बादलीत भिजवायचं, पिळायचं, हाताने मोकळं करून दीड-दोन इंच जाडीने सारखं पसरायचं, वरची जाळी लावून ताटी उभी करून दोनदा जमिनीवर आपटायची. जेवढं खाली बसलं तेवढं वरून पुन्हा भरायचं. मग बाइंडिंग वायरने सहा-आठ ठिकाणी टाके. ताटी उजेडासमोर धरली तर सगळीकडे सारखा मंद उजेड दिसला पाहिजे. कुठे लख्ख दिसला तर तिथे गवत कमी, काळं दिसलं तर तिथून हवाच येणार नाही. जास्त गवत म्हणजे जास्त थंड असं नाही. हवा अडली की मोटर घुसमटते. वाळा मागणारे मागतात, वासासाठी. तो महाग पडतो, आणि माझ्या मते तीनही बाजूंना वाळा भरण्यापेक्षा एका ताटीत मूठभर मिसळला तरी वासाचं समाधान होतं.

नव्या गवताचं पाणी पहिल्यांदा चहासारखं पिवळं निघतं. पंखा बंद ठेवून नुसता पंप तासभर चालवायचा, ते पाणी सोडून द्यायचं आणि दुसरं भरायचं. नाहीतर वास येतो आणि भिंतीवर पिवळे ओघळ उतरतात.

पंप टाकीच्या तळाला थेट ठेवू नये, गाळ ओढतो. फरशीचा तुकडा खाली ठेवायचा आणि पंपाला नायलॉनची जाळी किंवा जुना पातळ मोजा घालायचा. बोअरच्या पाण्याने पंपाच्या पंखीवर पांढरा थर बसतो. खालचं झाकण काढून पंखी लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवली की थर सुटतो. टाकी कोरडी असताना पंप चालला तर तो जळतो, त्याला हमी कुणी देत नाही, मीही देत नाही. वरच्या नळीची भोकं खिळ्याने मोकळी करायची आणि त्यांचं तोंड ताटीकडे, पंख्याकडे नाही. घरात तुषार उडण्याचं कारण बहुतेक हेच. तरी उडत असतील तर पाण्याचा जोर जास्त आहे, पाइपला टी (तीन तोंडांचा जोड) जोडून थोडं पाणी परत टाकीत सोडायचं. कूलर स्टँडवर ठेवताना बाहेरच्या बाजूला अर्धा इंच उतार द्यायचा. मोबाइलमधलं लेव्हल पुरतं.

‘थंड होत नाही’ या तक्रारीला निम्म्या वेळा कूलर जबाबदार नसतोच. एसीची सवय झालेली माणसं दारं-खिडक्या बंद करून बसतात. कूलरची ओली हवा बाहेर जायला समोरची खिडकी वीतभर उघडी हवी, नाहीतर तासाभरात खोलीत चिकचिक होते. हे लावून झाल्यावर मी उभ्या उभ्या दाखवतो, खिडकी बंद करून आणि उघडून. पाच मिनिटं जातात, एक फेरी वाचते. डासांचंही तेव्हाच सांगतो: आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करायची आणि पाण्याची रेघ जिथे बसते ती कड ब्रशने घासायची, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी त्या कडेलाच चिकटून राहतात. नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत.

भावाचं बोलणं फोनवरच. मजुरी किती, सामान बिलाप्रमाणे, मोटर किंवा पंप बदलावा लागला तर आधी फोन करणार, जुना भाग तुमच्याकडेच राहणार. सामानाचे पैसे आगाऊ घेतो. ओळखीतले लोक ‘तुला काय वेगळं देणार’ म्हणतात, त्यांनाही हाच भाव. काम सकाळी साडेसहा ते साडेदहा आणि संध्याकाळी पाच ते आठ. मधला वेळ मुलाखतींसाठी, आणि मे महिन्यात तसंही गच्चीवर पत्र्याला हात लावता येत नाही. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, तर सकाळी नऊलाच थांबतो. दिवसाला चारपेक्षा जास्त कूलर घेतले की चौथ्यानंतरची चाचणी घाईत उरकते, आणि विजेच्या कामात घाई करायची नसते.

मृग लागला, हवेत ओल आली की कूलर थंडावा देईनासा होतो आणि फोन बंद होतात. तेव्हा उलटं काम मिळतं, 150 रुपयांत कूलर उतरवून बांधून ठेवायचं: पाणी काढायचं, ताट्यांतलं गवत फेकायचं, टाकी उन्हात कोरडी करायची, बुशला तेल, मोटरवर प्लास्टिक. ताडपत्री घट्ट बांधायची नाही, आत वाफ धरून पत्रा गंजतो. टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख, कंडेन्सरचा आकडा आणि ताटीचं माप लिहितो. पुढच्या होळीला तिथे मी नसलो तरी जो कुणी झाकण उघडेल त्याची दुकानाची एक चक्कर वाचेल.