एक सेमिस्टर म्हणजे किती क्विंटल?

दिवाळीला गावी आली आणि तिसऱ्याच दिवशी विषय काढला. बाबा ओसरीत कापसाच्या ढिगाला टेकून बसले होते (यवतमाळ जिल्ह्यात या दिवसांत घरात माणसांपेक्षा कापसाला जास्त जागा असते, माझी खोली तर पूर्णच गेलेली) आणि मी म्हटलं, बाबा, मला एक सेमिस्टर जर्मनीला जायचंय. बाबा म्हणे, "कायले? जर्मन तं तू पुण्यातबी शिकून रायली नं."

आता याला काय सांगायचं. मी म्हटलं, समजा कोणी पुस्तकातून मराठी शिकला आणि आपल्या घाटंजीच्या बाजारात आला, आणि भाजीवाली त्याला म्हणाली "काऊन जी, घेऊन नाई रायले का वांगे", तर त्याला काय कळेल? माझी जर्मन तशी आहे, बी२ लेव्हलची परीक्षा पास झालेली पण बाजारात न गेलेली. हे बाबांना पटलं. आईला नाही पटलं, ती म्हणे बाजार करायले इतक्या दूर कोनी जाते का.

कॉलेजच्या एक्सचेंजच्या यादीत चार युनिव्हर्सिट्या होत्या, मी पहिलं नाव टाकलं त्युबिंगेनचं. फॉर्ममध्ये मी लिहिलं की ही १४७७ पासूनची युनिव्हर्सिटी आहे वगैरे, पण खरं कारण वेगळंच आहे. त्या भागात श्वेबिश बोली बोलतात आणि त्यात छोट्या, लाडाच्या गोष्टीला शेवटी 'ले' लावतात. घर म्हणजे हाउस, छोटंसं घर म्हणजे हॉइसले. तिकडच्या जाड शेवयांसारख्या पदार्थाचं नावच श्पेट्सले. आणि आपलं मले, तुले, बाबाले, यवतमाळले. या दोन 'ले'चा एकमेकांशी काहीही संबंध नाही हे मला माहीत आहे, मी भाषेचीच विद्यार्थिनी आहे, पण पहिल्या वर्षी हॉस्टेलमध्ये माझ्या मले-तुलेवर हसणाऱ्या पोरी आठवल्या आणि मी डोळे झाकून क्लिक केलं.

खरी डोकेफोड तारखांची. आपलं एक सेमिस्टर जुलै ते नोव्हेंबर, दुसरं जानेवारी ते मे. त्यांचं विंटर सेमिस्टर ऑक्टोबर ते मार्च आणि समर एप्रिल ते सप्टेंबर, वर्ग मात्र साधारण फेब्रुवारीत आणि जुलैत संपतात. म्हणजे विंटरला गेलं की इथली नोव्हेंबरची परीक्षा बुडते आणि परत येईपर्यंत पुढचं सेमिस्टर पण महिनाभर पुढं गेलेलं असतं. समरला गेलं तर एकच बुडते, ते तिकडच्या क्रेडिटवर भरून काढायचं. तिकडं सेमिस्टरला ३० क्रेडिट असतात, पण त्यातले इथं किती धरणार हे जायच्या आधी सहीशिक्क्यानिशी लिहून घ्यायचं, तोंडी 'हो हो बघू'वर अजिबात विसंबायचं नाही. आमच्या एका सीनियरचं एक अख्खं सेमिस्टर त्या 'बघू'त गेलं.

आईने हे सगळं कालनिर्णयवर बघितलं, जिथं ती दुधाचा हिशोब लिहिते तिथंच मी एप्रिल ते जुलै पेनाने गोल केले होते. म्हणे मृगात पेरणी असते, तेव्हा तू नाई. बाबा म्हणाले, "पेरणीले ते तसीबी वावरात कोनते दिवे लावते?" दादा इतका हसला की चहा सांडला. विंटर असतं तर मात्र कापूस वेचायच्या वेळी मी नसती, आणि वेचायला बाया मिळत नाहीत ही आमच्याकडं दरवर्षीची बोंब आहे. शिवाय समरला गेलं की मे महिन्याची ४५ डिग्री चुकते, हे मी घरी बोलली नाही.

मग पैसे. ट्युशन फी नाही हे आधी सांगितलं. त्युबिंगेन बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात येतं, तिथं युरोपबाहेरच्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे, पण दोन युनिव्हर्सिट्यांच्या करारातून गेलं तर ती माफ, स्वतःच्या स्वतः गेलं तर भरा. म्हणून एक्सचेंजमधूनच जायचं. पण व्हिसाला राहण्याखाण्याचे पैसे दाखवावे लागतात, महिन्याला ९९२ युरो, ते ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधीच भरायचे आणि मग तिकडं गेल्यावर दर महिन्याला तेवढेच काढता येतात. बाबा म्हणे, "पैसे आपले, अन् देनार ते मोजून?"

बाबांनी हिशोब त्यांच्या पद्धतीने केला. युरो शंभरच्या आसपास धरला, लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे एक महिना बरोबर सव्वाबारा क्विंटल. सहा महिने त्र्याहत्तर क्विंटल. आमचं सहा एकर कोरडवाहू, देव पावला तर छत्तीस क्विंटल. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणे, "म्हंजे दोन वर्स आपन काहीच खायाचं नाई." वर इन्शुरन्स, तिकीट हे मी त्या दिवशी काढलंच नाही.

आता सगळी भिस्त स्कॉलरशिपवर. बाडेन-व्युर्टेंबर्ग स्टिपेंडियम म्हणून आहे, ते थेट आपल्याला मागता येत नाही, तिकडच्या युनिव्हर्सिटीनं आपलं नाव पुढं करावं लागतं. त्यासाठी ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. घरात नेटवर्क नाही, वावरातल्या लिंबाखाली दोन काड्या येतात, म्हणून मी चांगला कुर्ता घालून, पॉवर बँक घेऊन दीड वाजता तिथं. त्यांचे सकाळचे दहा म्हणजे आपले दीड, मी दहा वेळा मोजलं होतं. दीड वाजला, पावणेदोन, दोन, कोणीच नाही, आणि वेचणाऱ्या बाया मला बघून आपसात हसत होत्या. मला रडू यायचं बाकी होतं. तेव्हा डोक्यात आलं की आदल्या दिवशी ऑक्टोबरचा शेवटचा रविवार होता, त्यांनी घड्याळ एक तास मागं घेतलं, आता फरक साडेतीन नाही, साडेचार तासांचा. चार वर्षं जर्मन शिकून हेच विसरली! अडीचला स्क्रीनवर तिकडच्या बाई आल्या, पहिलाच प्रश्न, मागे काय पांढरं दिसतंय? पुढचा अर्धा तास मी कापसावरच बोलली, बोंड, वेचा, सीतादही (वेचणी सुरू करतानाची पूजा), जेवढं जर्मनमध्ये बसलं तेवढं. डाटिव्ह, म्हणजे आपली 'ला-ले'ची चतुर्थी विभक्ती, दोनदा चुकला. मले-तुले रोज बोलणारीचा डाटिव्ह चुकावा, म्हणजे बघा.

निकाल अजून यायचाय. पासपोर्टसाठी नागपूरच्या ऑफिसात फाईल आहे, कारण कॉलेजच्या कागदांवर आणि आधारवर माझं नाव दोन तऱ्हेनं लिहिलंय. दादा म्हणे खरेदी केंद्रावर कापसात हात घालून ओलावा जास्त म्हणतात नं, तसंच हे.

बाबा आता रोज संध्याकाळी फोनवर दोन भाव विचारतात. काल युरो वीस पैशांनी वर गेला होता.

"अन् कापूस?"

म्हटलं, तिथंच आहे.