त्रिकोणी क्रॉस-कंट्री: घोटाळे हवेत नाही, मधल्या थांब्यावर होतात

विमान सेसना १७२, १६० अश्वशक्तीचं कार्ब्युरेटरवालं इंजिन. मार्ग त्रिकोणी: ५२, ६० आणि ४८, एकूण १६० नॉटिकल मैल, दोन अनोळखी विमानतळांवर पूर्ण थांबून. क्रॉस-कंट्री म्हणजे एका विमानतळावरून दुसऱ्यावर केलेलं लांबचं उड्डाण. खाजगी वैमानिक परवान्यासाठी आयकाओची (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना) १५० मैलांची अट यात भागते. इंधनाचा खर्च ताशी ३२ लिटर धरला, टॅक्सी (जमिनीवर चालवणं) आणि चढाई धरून पूर्ण फेरीला साधारण ६५ लिटर, वर ४५ मिनिटांचा राखीव साठा म्हणजे २४ लिटर. इंधनाच्या काट्यावर भिस्त ठेवू नये, डिपस्टिकने मोजावं, तेही विमान सपाट जागी असताना.

पहिला टप्पा, ट्रॅक (जमिनीवरचा मार्ग) ०६० अंश. अंदाजातला वारा ३५० अंशांवरून १५ नॉट, एअरस्पीड (हवेच्या तुलनेत वेग) १०५. म्हणून हेडिंग (नाकाची दिशा) ०५२, ग्राउंडस्पीड (जमिनीच्या तुलनेत वेग) ९९, वेळ साडेएकतीस मिनिटं. २० मैलांवरचा तलाव मात्र बाराऐवजी चौदाव्या मिनिटाला आला, कारण चढाईतला कमी वेग हिशेबात धरायचा राहतो. विमान ट्रॅकच्या एक मैल उजवीकडे होतं, म्हणजे वारा अंदाजापेक्षा जोराचा. इथे साठास एकचा नियम, म्हणजे ६० मैलांत एक मैल बाजूला गेलं तर चूक एक अंशाची: २० मैलांत एक मैल म्हणजे ३ अंशांची चूक, उरलेल्या ३२ मैलांसाठी आणखी २. एकूण ५ अंश डावीकडे, हेडिंग ०४७. वळायचं ते एकदाच. दर दोन मिनिटांनी अंदाजाने नाक हलवलं, की आपण कुठल्या हेडिंगवर किती वेळ होतो हे सांगता येत नाही, आणि तिथेच वाट चुकते.

या फेरीत सगळ्यात जास्त लक्ष द्यावं ते पहिल्या थांब्याकडे. उतरल्याचा आनंद असतो, ऊन असतं, कार्यालयात सही करायची असते, मागे कोणीतरी पार्किंगसाठी थांबलेलं असतं. पुढच्या टप्प्याचे बहुतेक घोटाळे या अर्ध्या तासात होतात.

इंधन भरताना सिलेक्टर (कुठल्या टाकीतून इंधन घ्यायचं ते ठरवणारी कळ) डाव्या किंवा उजव्या टाकीवर ठेवा. 'बोथ'वर, म्हणजे दोन्ही टाक्यांवर, राहिला आणि विमान किंचित कललेलं असलं, तर इंधन एका टाकीतून दुसरीत उतरतं. भरून झाल्यावर टाकीचं झाकण स्वतः शिडीवर चढून घट्ट करा. पंखाच्या वरच्या बाजूला दाब कमी असतो. झाकण सैल असेल तर उडताना इंधन बाहेर ओढलं जातं, आणि पंख डोक्यावर असल्याने खालून काही दिसत नाही. पाणी तळाशी बसायला थोडा वेळ द्या, मगच ड्रेन करा, म्हणजे टाकीच्या तळातून थोडा नमुना काढा. १००एलएल हे विमानाचं पेट्रोल निळं दिसलं पाहिजे. खाली बिनरंगी थर दिसला तर ते पाणी, स्वच्छ नमुना येईपर्यंत काढत राहा. निघताना सिलेक्टर परत 'बोथ'वर.

क्यूएनएच (समुद्रसपाटीच्या हिशेबातला हवेचा दाब, जो उंचीमापकात म्हणजे आल्टिमीटरमध्ये लावतात) सकाळी १०१३ हेक्टोपास्कल होता, दुपारी १००९. जुनाच आकडा राहिला तर आल्टिमीटर सुमारे १२० फूट जास्त दाखवतो, म्हणजे तुम्ही वाटतं त्यापेक्षा खाली. हेडिंग इंडिकेटर (दिशा दाखवणारं जायरोचं यंत्र) होकायंत्राशी जुळवा, पण विमान सरळ आणि स्थिर असतानाच. वळताना किंवा वेग बदलताना होकायंत्रच चुकीचं दाखवतं. पुढे दर १५ मिनिटांनी तेच.

आता उष्णता. धावपट्टीची उंची २००० फूट, तापमान ३५ अंश. तिथलं प्रमाण तापमान ११, फरक २४, दर अंशाला उंची १२० फूट वाढल्यासारखी. म्हणजे इंजिनाला आणि पंखांना ते जवळजवळ ४९०० फूट वाटतं. फुल थ्रॉटलला आरपीएम जास्तीत जास्त मिळेपर्यंत मिक्श्चर (इंधन-हवेचं मिश्रण) पातळ करा, म्हणजे इंधन कमी करा, पण आधी हँडबुक काय म्हणतं ते बघा. धावपट्टी जास्त लागते आणि जमीन वेगाने सरकताना दिसते, म्हणून हात नाक उचलायला शिवशिवतो. उचलायचं ते एअरस्पीडचा काटा सांगेल तेव्हाच. गरम इंजिनाला प्राइमर (सुरू करताना जादा इंधन देणारा पंप) मारू नका, ते फ्लड होतं, म्हणजे इंधन जास्त होऊन सुरू होत नाही.

दुसऱ्या टप्प्यात सांगण्यासारखं काही नाही. दुसऱ्या थांब्यावर मात्र वरची सगळी यादी पहिल्यापासून.

परतीचा टप्पा पश्चिमेकडे, ६५०० फुटांवर, ढगांच्या तळाखाली. बाहेर २० अंश आणि दमट हवा. थ्रॉटलला हात न लावता आरपीएम २४०० वरून २३०० वर आला. एवढ्या उकाड्यात बर्फ कसला, असं वाटतं. पण इंधनाची वाफ होताना आणि व्हेंच्युरीत (कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात) दाब पडताना कार्ब्युरेटरमधलं तापमान २० अंशांहून जास्त उतरू शकतं. कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ) पूर्ण ओढावी, अर्धवट नाही. आरपीएम आणखी पडतो, बर्फ वितळून इंजिन खडखडतं, आणि नेमकं याच वेळी घाबरून हीट बंद केली जाते. तशीच ठेवा, आरपीएम वर चढून स्थिरावला की काम झालं.

संध्याकाळी समोर सूर्य आणि धूसर हवा असते, तेव्हा गावं ओळखू येत नाहीत. नदी, लोहमार्ग, मोठा रस्ता अशा लांबलचक खुणा नकाशावर आधीच जाड करून ठेवाव्यात.

इंजिन बंद करण्याआधी रेडिओ १२१.५ मेगाहर्ट्झ या आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर लावून कान द्या. उतरताना जोराचा धक्का बसला असेल तर आपलाच ईएलटी (धक्क्याने चालू होणारं आणीबाणीचं प्रक्षेपक यंत्र) वाजत असू शकतो. मग फ्लाइट प्लॅन (हवाई वाहतूक सेवेला दिलेला उड्डाणाचा तपशील) बंद करा. तो उघडा राहिला तर ठरलेल्या वेळेनंतर तुमचा शोध सुरू होतो.