डीजे मिक्सर अपडेट : ब्लीड गेला, कट-इन मात्र हटून बसलाय

आधी आनंदाची बातमी, मागच्या पोस्टमधला ब्लीड गेला! क्रॉसफेडर (दोन डेक म्हणजे टर्नटेबलांमध्ये आवाज इकडून तिकडे नेणारी आडवी सरकपट्टी) टोकाला नेला तरी दुसऱ्या डेकचा बीट बारीक ऐकू यायचा ना, तो बंद. क्रॉसफेडर बाहेर काढला, पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेला कॉन्टॅक्ट क्लीनर मारला (गंजावरचा स्प्रे अजिबात नको, कॉन्टॅक्ट क्लीनरच घ्या), इकडून तिकडे सरकवत राहिलो तसा काळा चिकट राडा निघाला, आणि मग हेडफोन फुल केला तरी एकदम शांत. फार भारी वाटलं.

पण कट-इन, म्हणजे टोकापासून किती सरकवल्यावर आवाज उघडतो ते अंतर, तसाच. फेडरच्या कडेला ग्राफ पेपरची पट्टी चिकटवून "आऽह" सॅम्पलवर मोजलं. डाव्या टोकाला जेमतेम 1 मिमीवर आवाज उघडतो, उजवीकडे जवळपास 4 मिमी सरकेपर्यंत काहीच नाही. स्क्रॅचचे (रेकॉर्ड मागेपुढे करत फेडरने आवाज कापायचे) प्रकार बघितले तर चिर्प, ट्रान्सफॉर्म निभावतात, क्रॅबची पार वाट लागते, कारण अंगठ्याच्या स्प्रिंगवर चार बोटं टिचक्या मारत जातात तेव्हा फेडर हलतोच मुळी दोन-तीन मिमी, मग क्लिक वाजणार कुठून? कर्व्ह (आवाज किती पटकन उघडतो ते सेटिंग) पूर्ण शार्प केला, फरक शून्य. मग हॅमस्टर स्विच (फेडरच्या डाव्या-उजव्या बाजू उलटवणारा) टाकून बघितला. चॅनल उलटले, डेड झोन मात्र उजवीकडेच राहिला! म्हणजे सर्किट धडधाकट, फेडरचा ट्रॅकच झिजलाय. या बेसिक मिक्सरमध्ये ऑडिओ थेट कार्बन ट्रॅकवरूनच जातो, व्हीसीएवाल्यात (व्होल्टेजने आवाज कमी-जास्त करणारं सर्किट असलेल्यात) फेडरवरून फक्त कंट्रोल व्होल्टेज जातं, त्यामुळे झीज झाली तरी खरखर थेट आवाजात येत नाही. हॅमस्टरवरच प्रॅक्टिस कर म्हणाल, पण हाताची सवय मोडायची नाहीये.

म्हणून नवीन मिक्सरच घ्यायचं ठरवलं होतं. नुमार्क एम2 स्वस्त आणि साधा, रिव्हर्स (म्हणजे हॅमस्टर) आणि स्लोप (म्हणजे कर्व्ह) दोन्ही आहेत, शिकणाऱ्याला माझ्या मते पुरे. नुमार्क स्क्रॅच किंवा रीलूप कट ही मॉडेल्स महाग, पण आत इनोफेडर नावाचा क्रॉसफेडर, त्यात घासणारा कॉन्टॅक्टच नाही, कपॅसिटिव्ह सेन्सिंग. इफेक्टसाठी जास्तीचे पैसे मी घालणार नाही, फेडरसाठी आनंदाने घालीन. आणि काहीही घ्या, फोनो इनपुट (टर्नटेबल थेट लावायचा) बघूनच घ्या, काट्रिजमधून (सुई बसते तो भाग) येतात मोजके मिलिव्होल्ट, लाइन इनपुटला लावलं तर आवाज बारीक आणि बेसच गायब.

हे टाइप करता करताच सुचलं, जुन्यातच मिनी इनोफेडर बसवला तर? याचा फोनो प्रीअँप खरंच गोड आहे आणि ईक्यू (बेस-ट्रेबलचे नॉब) हाताला बसलाय, फेकवत नाही. तो जमला तर नवीन मिक्सरचं बजेट सरळ सुयांना. तेव्हा ऑर्डर थांबवलीये, रविवारी फेसप्लेट परत उघडून स्क्रूमधलं अंतर आणि कनेक्टरच्या पिना मोजतो. नॉन-व्हीसीए मिक्सरमध्ये कोणी बसवला असेल तर वायरिंगचा फोटो टाका, कुठली पिन ग्राउंडला गेली ते नीट दिसेल असा.