बेहेमॉथची वही: हातोडा ठेवला, भाला उचलला

पाच रविवार गेले आणि काल रात्री पावणेबाराला 'मॉन्स्टर हंटर वर्ल्ड' या राक्षस-शिकारीच्या व्हिडिओ गेममधला बेहेमॉथ हा राक्षस पडला. साधा, म्हणजे त्याचं अवघड रूप 'एक्स्ट्रीम' अजून बाकीच आहे. तरी ही नोंद सविस्तर लिहितेय, कारण या एका शिकारीपायी माझं तीन वर्षांचं हत्यार, हातोडा, सुटलं.

नव्यानं आलेल्यांसाठी थोडं आधीचं. कॅपकॉमचा 'मॉन्स्टर हंटर वर्ल्ड' जानेवारी २०१८ मध्ये आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्क्वेअर एनिक्सच्या 'फायनल फँटसी १४'शी देवघेव झाली: तिकडचा बेहेमॉथ इकडे आला, इकडचा राथालोस हा राक्षस तिकडे गेला. पाहुणे बोलावणं हा कॅपकॉमचा जुनाच शिरस्ता. १९९६ मध्ये एक्स-मेन विरुद्ध स्ट्रीट फायटर, मग मार्व्हल, मग २००० पासून थेट प्रतिस्पर्धी एसएनके. आणि त्याच्याही आधी, आमच्या शाळेजवळच्या व्हिडिओ पार्लरमध्ये दादाच्या मागे लागून मी जो 'मुस्तफा' खेळायचे, तोही कॅपकॉमचाच, १९९३ चा. खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', एका अमेरिकन कॉमिकवरून केलेला. आमच्याकडे सगळे त्याला त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्याच्या नावानंच ओळखायचे. दुसऱ्याच्या घरची पात्रं घेऊन आपला खेळ रंगवणं ही कंपनी तेव्हापासून करतेय, हे मला फार उशिरा कळलं.

आमची टोळी (कंसात ज्याचं-त्याचं हत्यार): मी (आधी हातोडा), बेंगळुरूचा भाचा (धनुष्य), नाशिकची मैत्रीण (हंटिंग हॉर्न) आणि तिचा नवरा (स्विच अ‍ॅक्स).

पहिला रविवार ओळखीत गेला. आधी कुलू-या-कू. एरवी दगड उचलून पळणारा हा पक्षी इथे एक स्फटिक उचलतो आणि फुगत जाऊन हत्तीएवढा होतो. मजा आली, वेळ कमी लागला.

दुसऱ्या रविवारी एल्डर्स रिसेस या खेळातल्या भागात खरा बेहेमॉथ. तीन वेळा गेलो, तिन्ही वेळा तीन-तीन कार्ट होऊन, म्हणजे कुणीतरी तीनदा गारद होऊन, परत. नऊपैकी सहा कार्ट माझे. हातोड्याचं काम डोक्यावर ठोकणं, राक्षसाला घेरी आणणं. तेच मी जीव तोडून करत होते. भाच्यानं पडद्यावरची एक ओळ दाखवली तेव्हा उलगडा झाला. 'फायनल फँटसी १४'मध्ये शत्रू कुणावर राग धरतो यावर अख्खी लढाई उभी असते: ढालवाला राग अंगावर घेतो, बाकीचे मागून मारतात, एक जण सगळ्यांना जगवतो. मॉन्स्टर हंटरमध्ये असलं काही नव्हतंच, प्रत्येक जण आपापला. बेहेमॉथनं तो नियम सोबत आणला. त्याच्या डोक्यावर सतत मारणाऱ्यावर तो नजर रोखतो, तशी सूचनाही येते, आणि मग काही काळ तो त्याच्याच मागे. म्हणजे मी दर वेळी त्याचा राग ओढून घेत होते, आणि हातोड्याला ढाल नसते.

मला या सहयोगाचं मोल इथे कळलं. 'स्ट्रीट फायटर'मधल्या रियू आणि साकुराचे पोशाख याच खेळात आहेत, मी दोन्ही शिवून घेतलेत, हादोकेनच्या (रियूच्या ऊर्जागोळ्याच्या) हावभावानं राक्षसाला किंचित इजाही होते. गोड आहे, पण त्यानं शिकार बदलत नाही. 'विचर' या दुसऱ्या खेळावरच्या मोहिमेत आपण स्वतः त्याचा नायक गेराल्ट होऊन लेशेन या राक्षसाला जाळतो. ती मला जास्त आवडली, कारण तिथे चिन्हं (गेराल्टचे मंत्र) वापरून, लोकांशी बोलून काम करावं लागतं. बेहेमॉथ त्याच्याही पुढे जातो. तो तुमच्या टोळीची मांडणीच बदलायला लावतो.

तिसऱ्या रविवारी खेळलोच नाही. मी आठवडाभर रोज रात्री अर्धा तास भाला घेऊन सराव मैदानात. ढाल धरून पुढे सरकणं, फटका ढालीवर घेऊन लगेच उलट भोसकणं. हातोड्याच्या हाताला पळायची सवय. भाल्याला उभं राहायची लागते. शेवटी सवय झाली ती एका छोट्या गोष्टीनं: मी राक्षसाच्या पंजाकडे बघणं सोडून त्याच्या खांद्याकडे बघायला लागले. खांदा आधी हलतो. गार्डची, म्हणजे ढालीवर फटका पेलण्याच्या कौशल्याची, पातळी चिलखतात बसवायच्या मण्यांनी जमेल तेवढी वाढवली. मैत्रिणीनं वाइड-रेंज लावलं, म्हणजे तिनं प्यायलेलं औषध आम्हालाही लागू.

चौथा रविवार. शेवटच्या टप्प्यापर्यंत पोहोचलो आणि आमच्या इमारतीचं इंटरनेट गेलं, ते दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. त्या रात्री मला झोप लागली नाही, खरंच सांगते.

आता कालचं. मी समोर, त्याचं तोंड माझ्याकडे, बाकी तिघं शेपटीकडे. चॅरिब्डिस, म्हणजे तो वावटळ उभी करायला लागला की भाचा फ्लॅश पॉड (डोळे दिपवणारा गोळा) मारून ते मोडायचा. नाही मोडलं तर ज्याच्यावर वावटळ येणार त्यानं कडेला पळून जायचं, म्हणजे मधली जागा मोकळी राहते. हे आम्ही आधीच्या अपयशांतून शिकलो.

शेवटच्या गुहेत आकाशातून मोठे दगड पडतात. बेहेमॉथ एक्लिप्टिक मीटिअर हा त्याचा सर्वांत मोठा हल्ला टाकतो तेव्हा त्या दगडाच्या आडोशालाच जगता येतं; बाहेर असलेला एका फटक्यात जातो. पण तो स्वतःच धक्क्यानं ते दगड फोडतो. म्हणून भालेवाल्यानं त्याला दगडापासून लांब वळवून ठेवायचं. मी भिंतीशी पाठ लावून त्याला धरून होते, आणि भाचा ओरडला, "मावशी, सोड त्याला! दगडामागे ये, डावीकडे!" भाला म्यान करून धावले. चौघं एका दगडामागे, खांद्याला खांदा. पडदा पांढरा झाला, आणि उजेड ओसरल्यावर डाव्या कोपऱ्यात चारही हिरव्या पट्ट्या जागच्या जागी. मैत्रीण काहीच बोलली नाही, फक्त हॉर्न वाजवलं. त्यानंतर सहा मिनिटांत तो कोसळला. आमचे कार्ट दोन.

पुढची तयारी. 'एक्स्ट्रीम'साठी ड्रॅगूनची ('फायनल फँटसी'तल्या भालाईताची) उडी शिकायची आहे. तिकडच्या खेळातला तो हावभाव अचूक वेळी केला तर दगड नसतानाही मीटिअर चुकवता येतो. एका उत्सवी हावभावात प्राण वाचवायची ताकद ठेवणाऱ्या माणसाला माझा नमस्कार. अजून वेळ जमत नाही, दहांत तीनदा जमते. ड्रॅकन, म्हणजे ड्रॅगूनचं चिलखत, मला हवंच आहे.

२०२५ मध्ये 'मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स'मध्येही 'फायनल फँटसी १४'चा ओमेगा हा शत्रू आलाय. टोळीचं मत आहे की थेट तिकडे वळावं. मी एक्स्ट्रीम झाल्याशिवाय हलणार नाही, असं कालच सांगून टाकलं. भालेवाल्यांना एक विचारायचंय: एक्स्ट्रीमला ढालीवर फटका घेताना दम संपतो, तर गार्ड पूर्ण चढवून बाकीचं सोडता, की दम वाढवणाऱ्या मण्यांना जागा ठेवता? रविवारच्या आत सांगा.