प्रागच्या जुन्या चौकात खाली बघा
प्रागच्या ओल्ड टाउन स्क्वेअरमध्ये सगळी गर्दी त्या १४१० च्या खगोलीय घड्याळापुढे, दर तासाला बाजूचा सांगाडा घंटेची दोरी ओढतो आणि वरच्या खिडक्यांतून प्रेषित, म्हणजे येशूच्या शिष्यांच्या मूर्ती, फिरतात, भारीच आहे ते. पण मला विचाराल तर तिथेच टाउन हॉलपाशी जरा खाली बघा, फरसबंदीत २७ पांढरे क्रॉस आहेत, हॅब्सबर्ग या ऑस्ट्रियाच्या राजघराण्याच्या सत्तेविरुद्ध बंड केलेल्या २७ जणांना २१ जून १६२१ ला इथेच मारलं ना, त्यांचे, आणि लोक सेल्फीच्या नादात त्यावरून चालत जातात, खरंच वाईट वाटतं. पलीकडे चेक धर्मसुधारक यान हुसचं स्मारक, त्याला १४१५ मध्ये जिवंत जाळलं, स्मारक झालं १९१५ ला. चौकातला मरियमचा (येशूच्या आईचा) खांब मात्र १९१८ मध्ये लोकांनीच पाडला, २०२० ला परत उभा केलाय.